साहेब खूश, पगार जैसे थे

नोकरीबद्दल काहीही विचारा असं मागच्या वेळी लिहिलं होतं, मला वाटलं इंटरव्ह्यूची तयारी, बायोडेटा कसा लिहायचा असलं काहीतरी येईल, पण पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर, राबराब राबतोय आणि त्याचे ना धड पैसे मिळतात ना कुणी दोन शब्द बोलतं. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत. लांब पत्रं थोडी कापलीत आणि कंपन्यांची, साहेबांची नावं सगळी काढून टाकलीत, राग मानू नका. मी स्वतः बरीच वर्षं एचआरमध्ये काढलीत, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, त्यामुळे काही उत्तरं तुम्हाला आवडणार नाहीत आणि काही तुमच्या साहेबांना आवडणार नाहीत, चालायचंच.

प्रश्न: ताई, मी एका कंपनीत सहा वर्षं आहे. दरवर्षी अप्रेजलला साहेब म्हणतात तुझ्यासारखा माणूस नाही, तू आहेस म्हणून डिपार्टमेंट चालतंय, मागच्या वर्षी तर स्टेजवर बोलावून सर्टिफिकेट दिलं, फोटो काढला, पण इन्क्रिमेंटचं लेटर आलं की तेच ४ टक्के. विचारलं तर म्हणतात यंदा बजेट टाइट आहे, पुढच्या वर्षी नक्की बघू. हे पुढचं वर्ष काही उजाडत नाही. बायको म्हणते सर्टिफिकेट विकून बघा किती येतात ते. जास्त बोललो तर असलेली इमेज पण जायची अशी भीती वाटते, काय करू?
— नाव छापू नका

उत्तर: तुमच्या मिसेसना माझा नमस्कार सांगा, मुद्द्याचं त्याच बोलल्यात.

आधी साधा हिशोब करा. पगार वाढला ४ टक्क्यांनी आणि त्याच वर्षात महागाई वाढली समजा ६ टक्क्यांनी, तर तुमचा पगार वाढलेलाच नाही, उलट जवळजवळ २ टक्क्यांनी कमी झालाय, फक्त लेटरवरचा आकडा मोठा दिसतो. असं सलग तीन वर्षं झालं की साडेपाच टक्क्यांच्या वर गेले. आणि या काळात तुमचा अनुभव वाढला, कामाचा पसारा वाढला. म्हणजे कंपनीसाठी तुम्ही दरवर्षी थोडे थोडे स्वस्त होत चाललाय, मग साहेब खूश असणारच की हो. एक दिवस सहाही वर्षांची लेटरं काढून बसा, शेजारी त्या त्या वर्षाचा महागाईचा अधिकृत आकडा लिहा आणि बघा काय निघतंय. तासांचा हिशोबही मांडा. रोजचे ८ तास होते त्याचे हळूहळू साडेदहा झाले असतील आणि पगार तोच असेल, तर तुमच्या एका तासाचा दर जवळपास २४ टक्क्यांनी पडलाय. हे कुणी मुद्दाम पाडत नाही, पण पडतो.

आता दुसरं, आणि हे मी आज बऱ्याच जणांना सांगणारे. पगार आणि कौतुक ही दोन वेगळी खाती आहेत, एकातली थकबाकी दुसऱ्यातून वळती करता येत नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पिट्सबर्गच्या आसपास दोनशेएक इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं होतं, की कामावर सगळ्यात छान कधी वाटलं आणि सगळ्यात वाईट कधी वाटलं ते प्रसंग सांगा. १९५९ मध्ये ते सगळं छापून आलं. छान वाटल्याच्या प्रसंगांत काम फत्ते झालं, कुणीतरी दखल घेतली हे जास्त, आणि वैतागाच्या प्रसंगांत कंपनीची धोरणं, वरचा माणूस, पगार असलं जास्त. यावरून त्यानं असं मांडलं की समाधान आणि असमाधान ही एकाच पट्टीची दोन टोकं नाहीत, एक कमी झालं म्हणून दुसरं आपोआप वाढत नाही. नंतर यावर टीकाही भरपूर झाली, की माणूस चांगलं झालं तर श्रेय स्वतःकडे घेतो आणि वाईट झालं तर कंपनीकडे बोट दाखवतो, त्यामुळे उत्तरं अशीच येणार, आणि हा आक्षेप मला पटतो. पण एवढी वर्षं माणसांच्या तक्रारी ऐकल्यावर मला त्याचा मूळ मुद्दा काही खोटा वाटत नाही. पगार कमी पडतोय ही टोचणी सर्टिफिकेटनं जात नाही. उलट जास्त टोचतं, कारण तुम्ही चांगले आहात हे त्यांनीच लिहून दिलंय ना.

तुमचे साहेब लबाड आहेत असं मी म्हणत नाही. कौतुक त्यांच्या हातात असतं, पैसे बऱ्याचदा नसतात. आतली गोष्ट सांगते. पगारवाढीचा एकूण आकडा वरून आधीच ठरून येतो, मॅनेजरला तो अख्ख्या डिपार्टमेंटसाठी मिळतो आणि मग वाटायचा असतो. एकाला जास्त द्यायचे तर दुसऱ्याचे कमी करावे लागतात. आणि कमी कुणाचे होतात माहितीये, तर जो कुठे जाणार नाही आणि काही बोलणार नाही असं वाटतं त्याचे. मी अशा कितीतरी मीटिंगांना बसलेय, चांगलं काम करणाऱ्या गप्प माणसाच्या नावासमोर "त्याचं काही टेन्शन नाही" असं म्हणून पुढे जातात, पाच सेकंद पण थांबत नाहीत.

तेव्हा दोन गोष्टी करा. अप्रेजलच्या दिवशी मागू नका, त्यादिवशी आकडा ठरलेला असतो, साहेबांच्या हातात फक्त तो वाचून दाखवणं असतं. दोनतीन महिने आधी वेळ मागून घ्या, नुसतं "बोलायचंय" म्हणून नाही, "पगाराबद्दल बोलायचंय" असं सांगून. आणि एकच कागद न्या, त्यावर सहा वर्षांपूर्वी काय काम होतं, आज काय आहे, आणि बाहेर याच कामाला काय मिळतं एवढंच. मी किती मेहनत करतो हे त्यावर नको, मेहनत सगळेच करतात असं लगेच ऐकवतील. घरखर्च, हप्ते, मुलांच्या फिया हेही नको, कंपनीला त्याच्याशी घेणं नसतं आणि ते बोलताना तुम्हालाच ओशाळं वाटतं. आणि हो, आकडा तुम्ही सांगा. "काहीतरी बघा ना साहेब" म्हटलं की काहीतरीच बघतात.

पुढच्या वर्षी बघू म्हणाले तर शांतपणे विचारा, कोणत्या महिन्यात, किती, आणि निर्णय कोण घेणार. त्याच संध्याकाळी एक साधा मेल टाका, आज आपलं असं असं बोलणं झालं, धन्यवाद. धमकीचा सूर नको. तोंडी शब्द म्हणजे कोपराला लावलेला गूळ, मेल निदान पुढच्या वर्षी समोर ठेवता तरी येतो. आणि इमेजचं म्हणाल तर ज्या इमेजमुळे दरवर्षी ४ टक्केच मिळतात ती गेली तर नुकसान नक्की कोणाचं?

प्रश्न: नमस्कार मॅडम, आमच्याकडे प्रिंटरवर कुणाचीतरी पे-स्लिप पडलेली होती, उचलून ठेवायला गेले तर ती नवीन आलेल्या मुलाची निघाली, ज्याला मी स्वतः काम शिकवलंय, आणि त्याचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे, थोडा नाही चांगलाच जास्त. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. त्याच्याशी नीट बोलवत नाही, त्याची काही चूक नाही कळतं पण वळत नाही. कंपनीत पगाराबद्दल एकमेकांत बोलायचं नाही असा नियम आहे. मला कळलंय हे सांगू का नको?
— जुनी जाणती, पगारानं नवी

उत्तर: तुमची सही आवडली.

मुलावरचा राग आधी उतरवा, त्यानं मागितलं आणि त्याला मिळालं एवढंच. हे होतं कसं ते सांगते. नवीन माणूस घ्यायचा पैसा एका बजेटमधून येतो आणि जुन्यांची वाढ दुसऱ्या. नवीन माणसाला बाजारात जो भाव चालू आहे तो द्यावाच लागतो नाहीतर तो येतच नाही, जुन्याला मात्र त्याच्या जुन्या पगारावर काही टक्के. बाजार जोरात पळाला की नवीन माणूस जुन्याच्या पुढे निघून जातो, आणि हे कुणीतरी वर्षातून एकदा बसून तपासलं नाही तर कुणाच्या लक्षात पण येत नाही. बऱ्याच ठिकाणी तपासत नाहीत. कारण तपासलं तर भरून द्यावं लागतं.

आणि डोकं ठिकाणावर नाही म्हणता ते अगदी स्वाभाविक आहे. डेव्हिड कार्ड आणि आणखी तीन अर्थशास्त्रज्ञांनी हे चक्क मोजलंय. कॅलिफोर्नियात सरकारी नोकरांचे पगार एका वर्तमानपत्रानं वेबसाइटवर टाकले होते, यांनी तिथल्या विद्यापीठातल्या काही लोकांना मेल करून फक्त एवढंच कळवलं की अशी साइट आहे, आणि काहींना काहीच कळवलं नाही. नंतर दोघांनाही नोकरीबद्दल विचारलं. आपल्या विभागात आपण पगाराच्या खालच्या निम्म्यात आहोत हे ज्यांना दिसलं त्यांचं समाधान घटलं आणि दुसरी नोकरी शोधायचा विचार वाढला. वरच्या निम्म्यात होते त्यांना? काही फरक नाही. २०१२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हापासून मी हा किस्सा कितीतरी मॅनेजरांना ऐकवलाय. त्यातले बहुतेक जण यावरून म्हणतात, बघा, म्हणूनच पगार गुप्त ठेवायचे! मला मात्र त्यातून उलटंच दिसतं. दुखणं पगारातल्या फरकाचं होतं, साइटनं फक्त ते दाखवलं.

अळीमिळी गुपचिळीचा फायदा कुणाला होतो ते लिली लेडबेटरच्या बाबतीत बघा. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या एका टायर कारखान्यात ती सुपरवायझर होती, १९७९ पासून. जवळजवळ वीस वर्षांनी तिला कुणीतरी निनावी चिठ्ठी ठेवली, त्यात तिचा आणि तेच काम करणाऱ्या पुरुषांचा पगार लिहिलेला. तिला महिन्याला ३,७२७ डॉलर, आणि पुरुषांत ज्याला सगळ्यात कमी त्याला ४,२८६. ती कोर्टात गेली, केस सुप्रीम कोर्टापर्यंत पोचली, आणि २००७ मध्ये कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की तक्रार करायला उशीर झाला, पगार ठरल्यापासून १८० दिवसांत यायला हवं होतं. अहो, पण जे माहीतच नाही त्याची तक्रार १८० दिवसांत कशी करणार! शेवटी २००९ मध्ये तिच्या नावानं कायदा झाला आणि भेदभावाचा प्रत्येक नवा पगार म्हणजे नवी तक्रार धरायचं ठरलं. तिला स्वतःला त्या केसमध्ये मात्र पैसे मिळाले नाहीत.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, पे-स्लिप बघितली हे सांगू नका. गरजच नाही. ते सांगितलं की चर्चा पगारावरून तुमच्या वागण्यावर जाते, "तुम्ही दुसऱ्याचे कागद का बघता" वर तास जातो. त्या मुलाचं नावही काढू नका. विचारा असं, की माझ्या पोस्टचा पगाराचा पट्टा कुठून कुठपर्यंत आहे आणि त्यात मी कुठे बसते. नवीन लोकांना मी शिकवते, तर शिकवणाऱ्याची जागा पट्ट्यात शिकणाऱ्याच्या वर हवी की नको. पट्टाच नाही म्हणाले तर मग बाहेर काय चाललंय ते बघायला लागा, दोन ठिकाणी इंटरव्ह्यू देऊन या, जायचं नसलं तरी. आपला आजचा भाव कळतो, आणि दहा वर्षं एकाच खुर्चीत बसलेल्या माणसाला तो बहुतेक वेळा माहीत नसतो. आणि तो बोलायचं नाही हा नियम, तो तुमच्याकडच्या कायद्यात टिकतो का ते जाणकाराला विचारून घ्या, सगळीकडे टिकत नाही.

प्रश्न: रात्री अकराला रिपोर्ट पाठवला तर बॉस फक्त अंगठा पाठवतो. एवढीच किंमत का?
— त्रस्त

उत्तर: अंगठा म्हणजे मिळालं, बघितलं, यापेक्षा जास्त काही नाही, त्यात अपमान शोधू नका. मला खटकतंय ते रात्री अकरा. रिपोर्ट सकाळी पाठवा आणि काय होतं ते बघा. बऱ्याचदा काहीच होत नाही.

प्रश्न: माझा प्रॉब्लेम ऐकून लोक हसतात, म्हणून घरी पण सांगत नाही. पगार चांगला आहे, वेळेवर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी महिनाभर खपून जे अ‍ॅनालिसिस करतो ते कोणी उघडत पण नाही. खोटं वाटेल पण एकदा मी मुद्दाम मधल्या पानावर लिहिलं की इथपर्यंत वाचलंत तर मला फोन करा. कोणाचाही फोन नाही आला. हल्ली सकाळी उठून जायचीच इच्छा होत नाही. मी माजलोय का?
— आकडेमोड्या

उत्तर: नाही हो, माजलेला माणूस असा प्रश्न विचारत नाही.

तुमचं दुसरं, कौतुकाचं खातं रिकामं आहे, आणि पहिलं, पगाराचं भरलेलं असल्यामुळे तुम्हाला बोलायची पण चोरी. ज्याला पगार कमी त्याला निदान चारचौघात बोलता तरी येतं, सगळे माना डोलावतात.

तुम्हाला एक प्रयोग सांगते. डॅन अ‍ॅरिएली, एमिर कामेनिका आणि ड्राझेन प्रेलेक या तीन संशोधकांचा, २००८ साली छापलेला. विद्यार्थ्यांना अक्षरांनी भरलेले कागद दिले, त्यातल्या ठरावीक अक्षरांच्या जोड्या शोधायच्या, एक कागद झाला की पैसे, पुढच्या कागदाला थोडे कमी, त्याच्या पुढच्याला आणखी कमी. नको वाटेल तेव्हा थांबा. तीन गट. पहिल्या गटातला विद्यार्थी कागदावर नाव लिहायचा, समोरचा माणूस त्यावर नजर फिरवायचा आणि फाइलला लावायचा. दुसऱ्या गटात नाव नाही, काही नाही, समोरचा बघायचा पण नाही, कागद सरळ गठ्ठ्यावर. तिसऱ्या गटात कागद त्याच्या डोळ्यांदेखत श्रेडरमध्ये. पहिल्या गटानं सरासरी ९ कागद केले, श्रेडरवाल्यांनी ६ च्या थोडे वर. इथपर्यंत कुणीही सांगेल. पण ज्यांच्या कागदाकडे नुसतं बघितलं नाही ते? ते ७ पर्यंत पण पोचले नाहीत. म्हणजे न बघणं हे जवळजवळ फाडून टाकण्याच्या बरोबरीचं. आणि लक्षात घ्या, पहिल्या गटाला शाबासकी कुणी दिली नव्हती, छान केलंस असंही म्हटलं नव्हतं. नजर फिरवली आणि फाइलला लावलं, बस्स.

तुमच्याकडे रोज गठ्ठ्यावर ठेवणं चाललंय. मग सकाळी पाय का उचलावा?

यावर मी तुम्हाला "स्वतःच स्वतःचं कौतुक करा" वगैरे सांगणार नाही, मला तो सल्ला आवडत नाही. तुमचं काम नेमकं कुणाच्या कामी येतं ते शोधा. साहेबाला नाही तर कुणाला? तुमच्या आकड्यांवर पुढे माल मागवणारा, शिफ्ट लावणारा कुणीतरी असेल, त्याला जाऊन भेटा, विचारा यातलं तुला काय लागतं. मला वाटतं तो म्हणेल की पहिल्या पानावरचे दोन आकडे. मग पुढच्या महिन्यापासून रिपोर्ट दोन पानांचा करा आणि थेट त्याला पाठवा, साहेबांना कॉपी. चाळीस पानं कुणीच वाचत नाही हेही खरंय, मी पण नसती वाचली. आणि असा कुणीच सापडला नाही, म्हणजे तुमचं काम खरोखर कुणालाच लागत नाही असं निघालं, तर पगार चांगला असूनही तिथून निघायचा विचार करा. हे मी सहज म्हणत नाहीये. न लागणारं काम पहिल्या कपातीत जातं, आणि मग पगार पण जातो.

प्रश्न: पगार दर महिन्याला लांबतो, कधी १५ तारीख कधी २५. मागितला की मालक म्हणतात कंपनी आपली सगळ्यांची आहे, थोडं समजून घ्या, तुम्ही घरातलीच माणसं.
— हेल्पर

उत्तर: दादा, घरातलीच माणसं असतील तर नफा पण वाटून द्या म्हणावं.

तुमचा प्रश्न बाकीच्यांच्या प्रश्नांसारखा मनाचा नाही, हक्काचा आहे. केलेल्या कामाचा पगार हे उपकार नव्हेत, ते मालकाकडे अडकलेले तुमचे पैसे आहेत. वेतन ठरलेल्या अंतरानं नियमित मिळालं पाहिजे हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४९ सालच्या वेतन संरक्षण करारातच लिहिलंय, आणि बहुतेक देशांत स्वतःचा तसा कायदा पण असतो. तुम्ही काय करायचं, तर कोणत्या महिन्याचा पगार कोणत्या तारखेला हातात पडला ते एका वहीत लिहायला लागा, हजेरीचा फोटो ठेवा, रोख देत असतील तर पावती मागा. एकट्यानं जाऊ नका, चौघंपाचजण मिळून मालकाशी बोला, एकटा माणूस भांडखोर ठरतो. तरी ऐकलं नाही तर युनियन असेल तर तिथे, नाहीतर सरळ कामगार खात्यात. खरंच अडचण असलेला मालक तारीख देतो आणि निम्मे तरी आधी देतो. जो फक्त समजून घ्या म्हणतो त्याचं रडणं किती महिने ऐकायचं ते तुम्ही ठरवा, पण थकलेला पगार दोन महिन्यांच्या वर जाऊ देऊ नका, तो जितका वाढतो तितकं नोकरी सोडणं अवघड होत जातं, कारण सोडली तर मागचे बुडतील ही भीती.

प्रश्न: माझे मिस्टर रोज घरी आले की दोन तास ऑफिसचं रामायण. साहेब असे, तो सहकारी तसा, माझी कदर नाही. आधी ऐकायचे, आता कान किटले. काही सुचवलं तर म्हणतात तुला नाही कळायचं. मी पण नोकरी करते हो!

उत्तर: तुमच्या शेवटच्या वाक्यातच सगळं आलं. दिवसभर तुमची कदर झाली का हे मिस्टरांनी कधी विचारलंय का? विचारायला सांगा. आणि रामायण सुरू झालं की आधीच विचारून घ्या, नुसतं ऐकायचंय का काही सुचवायचंय. नुसतं ऐकायचं असेल तर अर्धा तास, मग तुमची पाळी. हे हसत हसत सांगितलं तर चालतं, मी बघितलंय. तीच तक्रार वर्षभर तशीच्या तशी चालू असेल तर मात्र त्यांना वरची पहिली दोन उत्तरं वाचायला द्या. साहेबाला सांगायच्या गोष्टी ते तुम्हाला सांगतायत.

प्रश्न: मॅडम तुम्ही नेहमी नोकरदारांची बाजू घेता. माझा छोटा कारखाना आहे, वीसेक माणसं. गेल्या वर्षी धंदा बरा झाला म्हणून सगळ्यांना जादा पैसे दिले, कुणी थँक्यू पण म्हटलं नाही. यंदा जमलं नाही तर तोंडं पाडून बसलेत, काम पण ढिलं. जितकं द्याल तितकं कमीच. आमची कदर कोण करणार?
— एक मालक

उत्तर: शेवटची ओळ प्रामाणिक आहे म्हणून तुमचं पत्र मुद्दाम घेतलं. म्हणजे तुमचं पण तेच दुखणं आहे, फरक एवढाच की तुमच्या हातात चेकबुक आहे.

सबास्टियन कुबे, मिशेल मारेशाल आणि क्लेमेन्स पुप्पे या तीन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीत एका विद्यापीठाच्या लायब्ररीत पुस्तकांची नोंद करायला काही तासांसाठी मुलं घेतली. काहींना सांगितलं की तुम्हाला ७ युरो जादा. काहींना तेवढ्याच किमतीची थर्मासची बाटली दिली, कागदात बांधून. जादा पैशानं कामावर जवळजवळ काहीच फरक पडला नाही. बाटलीवाल्यांचं काम सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं. आता तुम्ही म्हणाल चला बाटल्या वाटू, थांबा. पुढे त्यांनी पैसेच दिले, पण नोटेची घडी घालून तिचा शर्ट करून दिला, तर काम बाटलीइतकंच, किंबहुना थोडं जास्तच वाढलं. म्हणजे वस्तूनं काम केलं नव्हतं, कुणीतरी आपल्यासाठी बसून काहीतरी केलंय हे दिसलं त्यानं काम केलं. तुम्ही गेल्या वर्षी पैसे कसे दिले? पगारात जोडून बँकेत टाकले असतील आणि पे-स्लिपवर एक ओळ वाढली असेल, बरोबर ना. (हे काही तासांचं काम होतं हे मात्र विसरू नका, वर्षभर नोटांचे शर्ट करून चालत नाही.)

याच तिघांचा दुसरा प्रयोग तुमच्या यंदाच्या अडचणीवर आहे. तासाला १५ युरो मिळतील अशी अपेक्षा लावली आणि ऐनवेळी काहींना १० सांगितले, तर काम २० टक्क्यांहून जास्त घटलं. काहींना १५ च्या जागी २० सांगितले, तर काही वाढलं नाही. दिल्याचं सुख कमी आणि कापल्याचं दुःख जास्त, माणूस असाच आहे, तुम्ही आणि मी पण. गेल्या वर्षी दिलेले पैसे तुमच्या लेखी खुशीचे होते, त्यांच्या लेखी ते यंदाच्या पगारात धरले गेले, कारण हे फक्त यंदाचं आहे आणि अमुक इतका नफा झाला म्हणून आहे असं कुणी सांगितलंच नाही. यंदा तरी सगळ्यांना एकत्र बसवून धंद्याचे आकडे दाखवा. लपवायचं काय त्यात.

आणि पगार बाजारापेक्षा कमी असेल तर वरचं सगळं विसरा, आधी तो नीट करा. हेन्री फोर्डनं जानेवारी १९१४ मध्ये दिवसाचा मेहनताना साधारण २.३४ डॉलरवरून एकदम ५ डॉलरवर नेला आणि ९ तासांचे ८ केले. लोक याला त्याचं मोठं मन म्हणतात, पण आदल्या वर्षीचे आकडे बघा, १४ हजारांच्या आसपास माणसं टिकवायला त्याला ५२ हजारांवर माणसं भरती करावी लागली होती, माणसं येत होती आणि पळून जात होती. पैसे वाढवल्यावर ती गळती धाडकन खाली आली. अर्थात त्यातही मेख होती, जवळजवळ अर्धी रक्कम नफ्यातला वाटा म्हणून होती आणि ती मिळायला कामगारानं नीटनेटकं राहायला हवं, दारू नको, हे बघायला कंपनीचे इन्स्पेक्टर घरी जायचे. तेवढं करू नका. पण वर्षाला तुमची किती माणसं सोडून जातात, नवीन माणूस तयार व्हायला किती महिने लागतात, त्या काळात किती माल वाया जातो, हे एकदा लिहून काढा. पगारवाढ परवडत नाही म्हणणारे बहुतेक मालक हा खर्च कुठे लिहीतच नाहीत.

कदर कोण करणार म्हणता, तर तुम्ही तुमच्या माणसांपैकी कुणाला गेल्या महिन्यात नाव घेऊन, कोणतं काम आवडलं ते नेमकं सांगून काही बोललात का? "सगळ्यांनी छान काम केलं" हे धरत नाही मी.

प्रश्न: राजीनामा टाकायची नुसती धमकी दिली तर पगार वाढतो असं मित्र म्हणतो. खरं का?

उत्तर: कधी कधी वाढतो. पण हातात दुसरं लेटर नसताना देऊ नका, "ठीक आहे, कधी जाताय" असं उत्तर येऊ शकतं आणि मी ते दिलेलं पण आहे. दुसरं लेटर असेल आणि इथे पगार वाढवून थांबवलं, तर थांबण्याआधी बघा की जायचं नेमकं कशासाठी होतं. पैशासाठी होतं तर काम झालं. साहेबाच्या वागण्यासाठी होतं तर साहेब तेच आहेत.

जागा संपली. ओव्हरटाइमबद्दल ज्यांनी लिहिलंय त्यांची पत्रं पुढच्या अंकात घेते. आणि एक विनंती, तिघाचौघांनी पत्रासोबत स्वतःच्या पे-स्लिपा पाठवल्यात, एकानं तर साहेबांची पण पाठवलीय. ती कुठून मिळाली ते मला सांगू नका, आणि पुन्हा पाठवू पण नका.